जुन्या गाडीत पेट्रोलचा वास: गळती नेमकी कुठे आहे ते कसं शोधायचं

पद्मिनी, ॲम्बॅसेडर, स्टँडर्ड हेरल्ड, पहिल्या पिढीची मारुती ८००, पेट्रोलवरची जुनी जीप. यांतली कुठलीही गाडी असली की एक वाक्य ऐकू येतंच: "जुनी गाडी आहे, थोडा वास यायचाच." हे अर्धंच खरं आहे. कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची) गाडी तापून बंद केली की बॉनेटपाशी थोडा वेळ हलका वास येतो, तेवढा चालतो. पण सकाळी शेडचं दार उघडताच नाकात भरणारा, सीटच्या कापडात मुरलेला किंवा घाट चढताना मागून येणारा वास म्हणजे कुठून तरी पेट्रोल किंवा त्याची वाफ बाहेर पडतेय. ती जागा सापडते. बहुतेक वेळा घरच्या अंगणात, एका सकाळीत सापडते. अट एवढीच की पार्ट बदलायला सुरुवात करण्याआधी वास केव्हा येतो ते नीट बघायचं.

कोकणात हा त्रास जास्त होतो, त्याची कारणं उघड आहेत. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडी पाइप बाहेरून खातो, तोही नेमका क्लिपच्या आड, जिथे नजर जात नाही. तांबडी माती चॅसीच्या कोपऱ्यांत बसते आणि पावसाळा संपल्यावरही ओल धरून ठेवते. चाकरमान्यांच्या गाड्या गावच्या घरी महिनोन्‌महिने बंद असतात आणि तेवढ्यात उंदीर पाइप कुरतडतात. त्यात आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. १९७०-८०च्या दशकातलं रबर, कॉर्कचं पॅकिंग आणि टाकीच्या आत लावलेलं जुनं सीलर यांतलं काहीच इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेलं नव्हतं. रबर आधी फुगतं, मऊ पडतं आणि पेट्रोल आटलं की कडक होऊन तडकतं.

हात लावण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकते आणि सखल जागा धरते. हवेत तिचं प्रमाण साधारण दीड टक्का झालं की एक ठिणगी पुरे होते. आपल्याकडे शेड बऱ्याचदा घराला लागूनच असते आणि मागच्या दारी न्हाणीची चूल पेटलेली असते. घर उतारावर असेल तर वाफ जांभ्याच्या पायऱ्यांवरून थेट त्या चुलीपर्यंत पोचू शकते. त्यामुळे पहिली गोष्ट म्हणजे चूल विझवणे.

शेडमध्ये वास कोंडला असेल तर आत जाऊन दिव्याचं बटण दाबू नका, गाडीला चावी लावू नका आणि बॅटरीचं टर्मिनलही तिथे काढू नका. टर्मिनल सुटताना ठिणगी पडते. दारं उघडा, गाडी ढकलत उघड्यावर आणा, पंधरा-वीस मिनिटं वारा लागू द्या आणि मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. उजेडाला एलईडी टॉर्च घ्या आणि ती लांबच चालू करून आणा. वायरला लटकवलेला बल्ब फुटला तर आग नक्की. दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा, गाडीच्या आत नको. गॅरेजमध्ये काम करत असाल तर पेट्रोलच्या गळतीसाठी खड्ड्यात उतरू नका. वाफ सगळ्यात आधी तिथेच भरते.

काढलेलं पेट्रोल झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवा, पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत नाही. आणि ते मागच्या दारी ओतू नका. आपल्याकडचा जांभा सच्छिद्र आहे. जमिनीवर ओतलेलं पेट्रोल विहिरीच्या पाण्यात उतरायला वेळ लागत नाही.

वास केव्हा येतो?

दोन-तीन दिवस गाडी नेहमीसारखी वापरा आणि प्रत्येक वेळी वास आला की चार गोष्टी लिहून ठेवा: इंजिन थंड होतं की गरम, चालू होतं की बंद, टाकी किती भरलेली होती, आणि गाडी सपाटीवर होती की उतारावर. वास घरासमोर थांबलेल्या गाडीतच येत असेल आणि पेट्रोल ठिबकत असेल, तर मात्र गाडी चालवू नका, सरळ शोधाला लागा.

टाकी काठोकाठ भरल्यावर एक-दोन दिवस वास येतो आणि अर्ध्यावर आली की जातो, असं असेल तर दोष टाकीच्या वरच्या भागात आहे: झाकण, गळ्याचा (पेट्रोल भरायच्या तोंडाचा) रबरी पाइप, व्हेंटचा (टाकीत हवा ये-जा करण्याचा) पाइप किंवा फ्युएल गेजच्या युनिटचं पॅकिंग. इथे एक हिशेब लक्षात ठेवावा. पेट्रोल दर १० अंशांना साधारण एक टक्का फुगतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतलं पेट्रोल थंड असतं. ४० लिटरची टाकी गळ्यापर्यंत भरून गाडी उन्हात उभी केली आणि टाकी १५ अंशांनी तापली, तर अर्धा लिटरभर पेट्रोल जागा शोधू लागतं. ते व्हेंटमधून किंवा झाकणातून बाहेर येतं. हा दोष गाडीचा नाही, भरण्याचा आहे. पहिल्या वेळी नोझल बंद झालं की तिथेच थांबावं.

इंजिन चालू असतानाच वास येतो आणि बंद केल्यावर कमी होतो, तर एसी पंपाच्या, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला देणाऱ्या गाडीतल्या पंपाच्या पुढची, दाबाची बाजू बघा. रात्रभर उभ्या गाडीखाली ठिपका दिसतो पण चालू असताना काही दिसत नाही, तर पंपाच्या मागची, ओढीची बाजू. गाडी बंद केल्यावर दहा-वीस मिनिटांनी बॉनेटमधून जोरात वास येतो, तर कार्बोरेटर. घाटात, विशेषतः कुंभार्ली किंवा आंबा घाटासारख्या वळणांवर मागून वास येतो, तर हिंदकळणारं पेट्रोल टाकीच्या वरच्या एखाद्या सांध्यातून बाहेर पडतंय. आणि फक्त काचा खाली केल्यावर वास येत असेल, तर पेट्रोल बाहेर कुठेही गळत असू शकतं. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि तिथली हवा डिक्कीच्या फटींतून आत ओढली जाते.

वास पेट्रोलचा आहे की सायलेन्सरच्या धुराचा, हेही आत्ताच ठरवा. कच्च्या पेट्रोलचा वास थंड आणि तीक्ष्ण असतो. जास्त पेट्रोल खाणाऱ्या इंजिनाच्या धुराने डोळे चुरचुरतात, प्लग काळे आणि कोरड्या काजळीचे निघतात. तो दोष चोक अडकण्याचा किंवा जेटचा (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्राचा) आहे. धूर गाडीत येत असेल तर त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो आणि त्याला स्वतःचा वास नसतो. डोकं दुखायला लागलं तर काचा उघडा, गाडी बाजूला घ्या आणि खाली उतरा.

नाक, फडकं आणि खडू

शोध सकाळी लवकर करा, हवा पडलेली असताना. दुपारी खारा वारा सुटला की वास सगळीकडे पसरतो आणि काहीच कळत नाही. नाक पाच-सात मिनिटांत पेट्रोलला सरावतं, मग गळतीवर नाक टेकवलं तरी फरक जाणवत नाही. मध्ये मध्ये लांब जाऊन मोकळी हवा घ्या. घरातलं दुसरं कुणी, जे इतका वेळ गाडीपासून लांब होतं, त्यांचं नाक तुमच्यापेक्षा जास्त कामाचं.

ठिबकणारी गळती डोळ्यांना दिसते. अवघड असते ती न ठिबकणारी. त्यासाठी पांढरं सुती फडकं किंवा टिश्यू पेपर घ्या. एक तुकडा एका सांध्याभोवती किंवा रबरी पाइपाच्या वीतभर लांबीवर घट्ट फिरवून पुसा, बाजूला जाऊन हुंगा. प्रत्येक जागेला नवा तुकडा. पाइप कोरडा, सांधा कोरडा, आणि तरी फडक्याला पेट्रोलचा वास लागला, तर रबराच्या भिंतीतूनच वाफ झिरपतेय. क्लिप कितीही आवळली तरी हा वास जाणार नाही. जुन्या गाडीत "सगळं घट्ट केलं, तरी वास आहे" याचं सर्वांत नेहमीचं कारण हेच आहे.

संशय असलेला सांधा ब्रशने साफ करा, कोरडा करा आणि त्यावर खडूची पूड किंवा टाल्कम पावडर भुरभुरा. इंजिन थंड असताना चालू करून दोन-तीन मिनिटं चालवा. पाझर असेल तिथे पावडर ओली होऊन गडद दिसते आणि ओघळ कुठून सुरू झाला तेही कळतं. पेट्रोल लवकर उडतं, म्हणून फार वेळ थांबू नका, लगेच बघा. जुन्या गळतीची खूण वेगळी असते: पिवळट-तपकिरी, चिकट, व्हार्निशसारखा डाग. डागाचं सर्वांत वरचं टोक शोधा. पेट्रोल पाइपावरून खाली वाहत जाऊन दोन फूट पुढच्या क्लिपवरून ठिबकतं आणि लोक ती क्लिप बदलत बसतात.

टाकी

आधी साध्या गोष्टी: डिक्कीत पेट्रोलचा कॅन आहे का, पेट्रोलने पुसलेली फडकी कोंबलेली आहेत का. त्या काढा.

झाकणाच्या आतलं पॅकिंग नखाने दाबा. दबून परत वर आलं पाहिजे. कडक, सपाट किंवा तडकलेलं असेल तर बदला. तुमच्या गाडीत व्हेंटचा वेगळा पाइप आहे की झाकणातच बारीक छिद्र आहे, हे बघून मगच नवं झाकण घ्या. वेगळा व्हेंट नसलेल्या टाकीला बिनछिद्राचं झाकण लावलं तर टाकीत पोकळी होते, चढावर इंजिन पेट्रोल मागत राहतं आणि झाकण उघडताना "सुस्स" आवाज येतो. व्हेंटच्या पाइपात कुंभारीण माशी मातीचं घर करते. बारीक तार फिरवून वाट मोकळी आहे का ते तपासा.

गळ्याचा जाड रबरी पाइप बहुतेक गाड्यांत पूर्वी कधी बदललेलाच नसतो, कारण तो दिसत नाही. खालच्या बाजूने आरसा धरून टॉर्चने बघा. वाकलेल्या भागावर बोटाने दाब दिल्यावर बारीक चिरा उघडल्या तर पाइप गेला. टाकी भरताना याच पाइपातून पेट्रोल सांडतं आणि डिक्कीच्या तळात झिरपतं.

गेजच्या युनिटचं कॉर्क पॅकिंग इथेनॉलमुळे आधी फुगतं आणि वाळलं की आकसतं. स्क्रू आवळून उपयोग होत नाही, उलट फ्लँज वाकतो. युनिट काढा, दोन्ही बाजू साफ करा, पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचं नवं पॅकिंग बसवा आणि स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे करत आवळा. काही गाड्यांत हे स्क्रू थेट टाकीच्या पोटात जातात. तिथे आट्यांतून पाझर होतो, त्यामुळे प्रत्येक स्क्रूच्या डोक्याखाली तांब्याचा किंवा फायबरचा वॉशर लागतो. पॅकिंगवर साधं सिलिकॉन लावू नका. पेट्रोलमध्ये ते फुगून जेलीसारखं सुटतं आणि त्याचे तुकडे फिल्टरमध्ये जातात.

आता गंजाकडे. टाकी ज्या पट्ट्यांनी धरलेली असते, त्या पट्ट्यांखाली नमदा किंवा रबराची पट्टी असते. ती पावसाचं आणि रस्त्यावरचं खारट पाणी धरून ठेवते आणि टाकी बरोबर तिथे बाहेरून कुजते. बाहेरून रंग चांगला दिसतो. पट्टी सैल करून बाजूला घेतल्याशिवाय टाकी ठीक आहे असं म्हणू नका. शिवणीवर आणि पट्ट्यांखाली बोथट स्क्रू ड्रायव्हरने हलकेच दाबा. पत्रा आत गेला तर टाकी काढायचीच. टोकदार वस्तूने टोचू नका, टाकीत पेट्रोल आहे.

काढलेली टाकी बारीक छिद्रांसाठी तपासायला सायकलचा पंप लोक वापरतात. त्याने दाब पटकन जास्त होतो आणि पत्रा फुगतो. जुन्या बीपी मशीनचा रबरी फुगा आणि डायल त्यापेक्षा फार चांगलं काम देतात. टाकी रिकामी करून धुवा, सगळी तोंडं बंद करा, एका तोंडाला फुग्याची नळी जोडा आणि काटा ५० मिमीपर्यंत न्या. एवढा दाब, साधारण एक पीएसआय, पुरेसा आहे. ४० लिटरच्या टाकीला त्यासाठी पन्नास-साठ वेळा फुगा दाबावा लागतो, घाई करू नका. साबणाचं पाणी शिवणीवर, निपलच्या (पाइप चढवायच्या छोट्या नळीच्या) मुळाशी, तळाच्या प्लगला लावा. दहा मिनिटांत काटा खाली आला किंवा बुडबुडे आले तर तिथे छिद्र आहे. टाकी सावलीत ठेवा, नाहीतर उन्हाने दाब वाढून काटा खोटं सांगतो.

छिद्र सापडलं तरी घरी डाग द्यायला (कथील वितळवून बुजवायला) जाऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण ती स्फोट होण्याइतक्या वाफेने भरलेली असते. पाण्याने दोनदा खंगाळल्याने ही वाफ जात नाही, ती शिवणीत आणि गंजात दडलेली असते. हे काम रेडिएटरवाल्या अनुभवी कारागिराचं. तो टाकी गरम पाण्याने आणि वाफेने बराच वेळ धुतो आणि डाग देताना ती शक्य तितकी पाण्याने भरलेली ठेवतो. टाकीला वेल्डिंग करायला "आत्ता देतो पाच मिनिटांत" म्हणणाऱ्याकडून टाकी उचलून परत आणा. बाहेरून लावलेली इपॉक्सी ही घरापर्यंत पोचायची सोय, दुरुस्ती नाही. आतून सीलर लावायचं असेल तर ते इथेनॉलला टिकणारंच घ्या, आणि आत जुना थर असेल तर आधी तो पूर्ण काढून.

लोखंडी पाइप आणि रबर

टाकीपासून इंजिनापर्यंतचा लोखंडी पाइप गाडीच्या पोटाखालून जातो. त्यावरची माती धुवा, वाळू द्या, तारेच्या ब्रशने प्रत्येक क्लिपची जागा उघडी करा. क्लिप सोडवून तिच्याखालचा पाइप बघितला पाहिजे. खड्डे पडलेला, पापुद्रे सुटलेला भाग असेल तर पाइप बदला. मधला तुकडा कापून दोन क्लिपा लावून रबर घालणे ही आपल्याकडची नेहमीची तात्पुरती सोय, पण त्यामुळे गळतीच्या दोन नव्या जागा तयार होतात आणि तापलेल्या सायलेन्सरजवळ असं रबर मुळीच नको.

ओढीच्या बाजूच्या पाइपाची गंमत समजून घ्या. एसी पंप टाकीतून पेट्रोल ओढतो, त्यामुळे इंजिन चालू असताना तिथल्या छिद्रातून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी चढावर अडखळते, पंपाच्या काचेच्या वाटीत बुडबुडे दिसतात आणि लोक पंपाला दोष देतात. ही गळती बाहेर काढायची असेल तर टाकी निम्म्याहून जास्त भरलेली असताना गाडी तोंड खाली करून उतारावर लावा, चाकांना दगड लावा, अर्धा तास थांबा. टाकी वर गेली की पेट्रोल आपल्या वजनाने येतं आणि छिद्र स्वतःच ओलं होऊन दिसतं.

रबरी पाइप घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका, पाइपावर छापलेलं वाचा. "एसएई जे३० आर९" असं लिहिलेल्या पाइपाला आतून फ्लुओरोरबराचा थर असतो. तो इथेनॉलला टिकतो आणि त्यातून वाफही फार कमी झिरपते. साधा "आर६" किंवा "आर७" पाइप पेट्रोल धरून ठेवतो, पण वास थोडा सोडतोच. वासासाठीच काम करत असाल तर आर९च घाला. हार्डवेअरच्या दुकानातला पारदर्शक प्लास्टिक पाइप दिसायला स्वच्छ, पण काही महिन्यांत पिवळा आणि काचेसारखा कडक होतो आणि क्लिपपाशी तडकतो. हा पाइप गाडीत दिसला की शोध तिथेच थांबवून आधी तो बदला.

आतला व्यास व्हर्नियरने निपल मोजून ठरवा. बहुतेक जागी ६ किंवा ८ मिमी लागतो. मोठा पाइप घेऊन क्लिपने आवळला की रबराला घडी पडते आणि घडीतून पाझर होतो. पाइप निपलवर किमान २० मिमी चढला पाहिजे आणि क्लिप निपलच्या उंचवट्यामागे, पाइपाच्या टोकापासून तीन-चार मिमी आत. स्क्रूची खाचा असलेली जाड क्लिप बारीक पाइपाला कापते. गोल पट्टीची, नट-बोल्टची छोटी क्लिप वापरा. फ्लेअरच्या (लोखंडी पाइपाच्या पसरट केलेल्या टोकाच्या) नटाला दोन पाने लावा, एक धरायला आणि एक फिरवायला, नाहीतर पाइप पिळवटतो. फ्लेअरवर टेफ्लॉन टेप लावू नका. तिथे सील धातूला धातू टेकून होतं, आट्यांनी नाही, आणि टेपचा धागा तुटून थेट जेटमध्ये जातो.

एसी पंप

डिपस्टिक काढून हुंगा. तेलाला पेट्रोलचा वास, पातळी खुणेच्या वर, तेल पाण्यासारखं पातळ: एसी पंपाचा डायाफ्राम (आतला लवचीक पडदा) फाटून पेट्रोल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तेलात उतरतंय किंवा कार्बोरेटर पूर आणतोय. अशा तेलावर इंजिन चालवू नका, बेअरिंग जातात. दोष काढल्यावर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला.

पंपाच्या बुडाशी एक बारीक छिद्र असतं. तिथे ओल दिसली तर डायाफ्राम गेला. ते छिद्र एमसीलने बुजवलेलं असेल तर ते उघडा, कारण पुढचं पेट्रोल मग तेलातच जाणार. नवा डायाफ्राम घेताना इथेनॉलला चालणारा मागा. बसवताना पंपाचा लिव्हर पूर्ण दाबून धरून कडेचे स्क्रू समोरासमोर आवळा. तसं न केल्यास डायाफ्राम ताणलेला बसतो आणि काठाशी लवकर फाटतो. काचेच्या वाटीचं पॅकिंग दर वेळी नवं घाला.

कार्बोरेटर

इंजिन गरम करून बंद करा, एअर फिल्टरचं झाकण काढा आणि टॉर्चने घशात बघत बसा. मुख्य नळीतून लगेच थेंब पडायला लागले तर कार्बोरेटरच्या बाउलमध्ये (पेट्रोलच्या छोट्या वाटीत) येणारं पेट्रोल नीडल वाल्व (सुईची झडप) थांबवत नाही किंवा ती झडप उघडणाऱ्या-मिटणाऱ्या फ्लोटची (तरंगत्या डबीची) पातळी जास्त आहे. पाच-दहा मिनिटांनी, उष्णता वर चढल्यावर पडायला लागले तर पेट्रोल बाउलमध्ये उकळतंय. हे दोन वेगळे आजार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागत नाही.

उकळत असेल तर कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या (तिथून सिलिंडरपर्यंत जाणाऱ्या नळ्यांच्या) मधला जाड बेकेलाइट किंवा फायबरचा तुकडा जागेवर आहे का बघा. पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत तो तुटला म्हणून काढून नुसतं कागदी पॅकिंग लावलेलं असतं. पेट्रोलचा पाइप एक्झॉस्टला चिकटून जातोय का, तेही बघा. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल गरम इंजिनावर लवकर वाफ होतं, म्हणून पूर्वी चाललेली मांडणी आता त्रास देऊ शकते.

नीडल वाल्वचा संशय असेल तर कार्बोरेटरचं वरचं झाकण काढा. फ्लोट झाकणाला टांगलेला असेल तर झाकण उलटं धरा, म्हणजे फ्लोटच्या वजनाने वाल्व बंद होतो. पेट्रोल येण्याच्या निपलला स्वच्छ नळी लावून हलकेच फुंका. हवा अजिबात जाता कामा नये. जात असेल तर नीडलच्या टोकावर नखाला लागणारी कडी पडलेली असते. नीडल आणि सीट जोडीनेच बदला.

पितळी फ्लोट कानाशी हलवा. आत पेट्रोल असेल तर खळखळ ऐकू येते. शंका राहिली तर चुलीपासून लांब, आधीच तापवून आणलेल्या गरम पाण्यात फ्लोट बुडवा. आतली हवा फुगते आणि सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून बुडबुड्यांची बारीक माळ निघते. शक्यतो नवा फ्लोट घ्या. कथलाचा डाग देऊन वापरायचाच असेल तर लक्षात ठेवा, कथलाने फ्लोट जड होतो, जड फ्लोट खाली बसतो आणि बाउलमधलं पेट्रोल वर चढतं. पातळी पुन्हा लावावी लागते, ती गाडीच्या मॅन्युअलमधल्या मापाने.

झाकणाच्या स्क्रूंवर लोक फार जोर लावतात आणि कडा वाकतात. झाकण पॅकिंगची बाजू खाली करून जाड काचेवर ठेवा. कुठेही ०.१ मिमीचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) आत जात असेल तर नुसतं पॅकिंग बदलून पाझर थांबणार नाही, कडा घासून सपाट करावी लागेल. बाउलच्या तळाशी पांढरी पूड दिसली तर पाणी धरलेल्या इथेनॉलने धातू खाल्लाय. ती पूड जेटमध्ये आणि नीडलच्या सीटवर जाते, म्हणजे टाकीतलं पाणी काढल्याशिवाय कार्बोरेटर कितीही साफ करा, दोष परत येणार. ॲक्सिलरेटर पंपाचा डायाफ्राम आणि बँजो बोल्टचे (पेट्रोलचा पाइप कार्बोरेटरला जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) दोन्ही वॉशर याच वेळी बदलून टाका.

घरासमोर उतार असेल तर गाडी तोंड खाली करून लावायची सवय सोडा. टाकी भरलेली आणि नीडल थोडी जरी गळकी असेल तर पेट्रोल रात्रभर आपोआप मॅनिफोल्डमध्ये आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरतं.

वास आत कसा शिरतो

गळती थांबल्यावरही गाडीत वास राहतो, कारण सीटखालचं फेल्ट, काथ्या आणि कार्पेट तो धरून ठेवतात. ते काढून दोन-तीन दिवस उन्हात टाका. त्याच वेळी मागच्या सीटची पाठ काढून डिक्की आणि केबिनच्या मधल्या फटी, वायरिंगची रबरी ग्रोमेट, डिक्कीच्या दाराचं रबर आणि पुढे फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची) ग्रोमेट तपासा. डिक्कीच्या रबरात कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथे रबर दाबलं जात नाही. मात्र हे काम गळती थांबल्यानंतरच. फटी आधी बुजवल्या तर वास कमी होतो आणि गळती तशीच चालू राहते.

पावसाळ्यात बंद असलेली गाडी गणपतीला काढताना

जूनमध्ये गाडी बंद करताना टाकी एकतर पूर्ण रिकामी करून वाळवा, नाहीतर फुगायला जागा ठेवून जवळजवळ भरा. पाव टाकी पेट्रोल ठेवणं सर्वांत वाईट: वरच्या पत्र्यावर दमट हवेचं पाणी धरतं, इथेनॉल ते शोषून घेतं आणि मर्यादेबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर होतो. तोच थर टाकीला आतून गंज चढवतो.

चतुर्थीला गावी पोचल्यावर लगेच चावी फिरवू नका. आधी बॉनेट उघडून आणि गाडीखाली वाकून उंदराच्या लेंड्या, घरट्याचा कचरा, कुरतडलेलं रबर शोधा. डिपस्टिक हुंगा. टाकीच्या तळाच्या प्लगमधून अर्धा लिटर पेट्रोल काचेच्या बरणीत काढा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर सगळं पेट्रोल काढा. ते पुन्हा कुठल्याही गाडीत घालू नका. मग बॅटरी जोडा, इग्निशन न लावता एसी पंपाच्या हाताच्या लिव्हरने बाउल भरून घ्या आणि टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत प्रत्येक सांध्यावर एकदा कोरडं फडकं फिरवा. सगळे तुकडे कोरडे आणि बिनवासाचे निघाले तरच स्टार्टर मारा. पहिली पाच मिनिटं गाडी उघड्या खळ्यात, बॉनेट वर करून चालवा आणि दुसऱ्या कुणाला तरी टाकीपाशी उभं करा.